झेंडावंदनाची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते

१४ ऑगस्टची संध्याकाळ. आवारातल्या चबुतऱ्याला चुना लावून झालेला असतो, खुर्च्या किती लागतील ते ठरलेलं असतं, माइकवाला सकाळी सातला येतो म्हणालेला असतो. आणि झेंडा? तो गेल्या २६ जानेवारीपासून ऑफिसच्या कपाटात तसाच पडून असतो. बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर निघतो, आणि मग घाईत जे व्हायचं ते होतं. हिरवा पट्टा वर जातो, कप्पी अडकते, नाहीतर गाठ सुटत नाही.

गाठ न सुटण्याचा प्रसंग माझ्या हातून घडला आहे. पहाटेपासून भुरभुर पाऊस होता. सुती दोरी भिजून फुगली होती आणि मी हौसेनं घट्ट गाठ मारली होती. पाहुण्यांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, पण झेंड्याचं गाठोडं वरच लटकत राहिलं. शेवटी सगळं खाली घेऊन, गाठ सोडून, झेंडा उघडाच वर चढवावा लागला. समोर दीडशे माणसं आणि पहिल्या रांगेत पहिली-दुसरीची मुलं सावधान उभी होती. त्या दिवसापासून मी हे काम शिकायला लागलो आणि अजून शिकतो आहे. आमच्या सोसायटीत आणि जवळच्या शाळेत आता झेंडा बांधायला मलाच बोलावतात. जे हाताला कळलं आणि जे भारतीय ध्वजसंहितेत वाचलं, ते इथे एकत्र लिहितो आहे.

आधी थोडा इतिहास

दोरीच्या लेखात इतिहास कशाला, असं वाटेल. पण आपण हातात काय धरलं आहे हे माहीत असलं की घडीसुद्धा वेगळी पडते.

१९०७ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. तिथे मादाम भिकाजी कामा यांनी भारताचा झेंडा फडकवला. त्याला तीन आडवे पट्टे होते आणि मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ लिहिलेलं होतं. तो झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी भारतात आणला आणि आज तो पुण्यात केसरीवाड्यात आहे. पुण्यात राहून तो न पाहिलेली माणसं मला पुष्कळ भेटतात. मुलांना घेऊन एकदा अवश्य जा. काचेमागचं ते जुनं कापड बघितलं की पाठ्यपुस्तकातलं वाक्य एकदम खरं होतं.

१९१७ साली होमरूल चळवळीत अ‍ॅनी बेझंट आणि लोकमान्य टिळकांनी वापरलेला झेंडा अगदीच निराळा होता: पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, त्यांवर सप्तर्षींचे सात तारे आणि एका कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. मागणी स्वराज्याची होती, पण साम्राज्याच्या चौकटीतली, हे त्या कोपऱ्यावरून समजतं. १९२१ साली पिंगली वेंकय्या यांनी विजयवाड्याला गांधीजींपुढे लाल-हिरव्या झेंड्याचा आराखडा ठेवला. त्यात पांढरा पट्टा घालायची सूचना गांधीजींची. पट्ट्यांवर चरखा आला.

हाच चरख्याचा झेंडा घेऊन १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्सकडे झेंडा घेऊन जायला बंदी होती. देशभरातून स्वयंसेवक नागपूरला येत, झेंडा घेऊन निघत आणि पकडले जात. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व घेतलं. झेंडा हातात घेऊन रस्त्यानं चालणं एवढाच त्यांचा गुन्हा होता. आणि १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा मिरवणुकीत झेंडा धरून उभा राहिला तो गोळी लागेपर्यंत. त्याच्याबरोबर त्याचे चार सोबतीही गेले. मी शाळेत झेंडा बांधायला जातो तेव्हा मदतीला आठवी-नववीची मुलं असतात, शिरीषकुमारपेक्षा थोडीच लहान. त्यांना मी ही एवढीच गोष्ट सांगतो. नंतर त्यांना ‘झेंडा खाली टेकवू नका’ असं सांगावं लागत नाही.

१९३१ साली काँग्रेसनं केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरवला आणि या रंगांना कोणताही धार्मिक अर्थ नाही असं ठरावातच स्पष्ट केलं. २२ जुलै १९४७ ला घटना समितीत जवाहरलाल नेहरूंनी ठराव मांडला आणि आजचा तिरंगा स्वीकारला गेला. चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरचं चक्र आलं. यामागे एक व्यवहारी कारण होतं, ते मला फार आवडतं. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. चरखा एका बाजूनं सुलटा दिसला की दुसऱ्या बाजूनं उलटा दिसतो. चरख्याचं चाक मात्र कुठूनही तेच. ठरावात तर हे चक्र चरख्याचंच प्रतीक आहे असं म्हटलेलं आहे, म्हणजे चरखा गेला नाही, त्याचं चाक उरलं.

रंग आणि चक्र

रंगांचा अर्थ सांगताना माइकवर वाटेल ते बोललं जातं. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी दिलेला अर्थ सगळ्यात भरवशाचा. केशरी म्हणजे त्याग आणि अनासक्ती, विशेषतः नेतेमंडळींची. पांढरा म्हणजे प्रकाश, सत्याचा मार्ग. हिरवा म्हणजे मातीशी आणि ज्या झाडापाल्यावर सगळं जीवन उभं आहे त्याच्याशी असलेलं नातं. चक्र म्हणजे धर्म, आणि गती: थांबण्यात मरण आहे, चालण्यात जीवन आहे. चक्राला २४ आरे असतात आणि रंग गडद निळा. प्रत्येक आऱ्याला एकेक सद्गुण वाटून देणारा तक्ता दरवर्षी मोबाइलवर फिरतो, पण घटना समितीच्या ठरावात असं काही नाही. सूत्रसंचालन करणाऱ्यांनी तो वाचून दाखवू नये, असं मला मनापासून वाटतं.

ध्वज निवडताना

लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. ठरलेली मापं नऊ आहेत. सगळ्यात मोठं ६३०० × ४२०० मिलिमीटर आणि सगळ्यात लहान, टेबलावरचं, १५० × १००. सोसायटी किंवा शाळेच्या पंधरा-वीस फुटी खांबाला ९०० × ६०० किंवा १३५० × ९०० शोभून दिसतं. त्याहून मोठा ध्वज वाऱ्यात खांबाला गुंडाळतो आणि पावसात ओला होऊन दोरी ओढतो.

दुकानात ध्वज उघडून घ्या, पुडक्यातला तसाच उचलू नका. पट्टी घेऊन मोजा. ९०० × ६०० च्या ध्वजात प्रत्येक पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्राचा व्यास १८५. १८०० × १२०० मध्ये पट्टा ४०० चा आणि चक्र ३७० चं. मग आरे मोजा, २४ भरायला हवेत. मी एकदा २२ आऱ्यांचा ध्वज परत केला आहे. चक्र दोन्ही बाजूंनी आणि बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. कडेला लेखन, छपाई, प्रायोजकाचं नाव असलं तर तो ध्वज घ्यायचाच नाही.

कापडाबद्दल: आधी हातानं कातलेल्या-विणलेल्या सुती, लोकरी किंवा रेशमी खादीचाच ध्वज चाले. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं पॉलिस्टरचा आणि यंत्रावर केलेलाही चालतो. पावसाळ्यात पॉलिस्टर लवकर वाळतं हे खरं. तरी मी खादीचाच बांधतो. खादीचा ध्वज वाऱ्यावर फडफडण्याऐवजी डोलतो, आणि ज्या चाकामुळे चक्र आलं त्या चाकाचं सूत त्यात असतं. आपल्या देशात भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचाच आहे. हुबळीजवळच्या बेंगेरीला आणि आपल्याकडे नांदेडला खादीचे ध्वज तयार होतात. खादी भांडारात आधी सांगून ठेवलं तर मिळतो, ऐनवेळी मिळत नाही.

दोरी, कप्पी, गाठ

आदल्या संध्याकाळी, उजेड असताना, दोन माणसं लागतात.

पहिल्यांदा कप्पी. रिकामी दोरी वर-खाली फिरवा. कुरकुर आली तर थोडं तेल सोडा. दोरी खांबाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर चार-पाच हात जास्त हवी. कुठे तंतू सुटलेत का ते बोटांमधून ओढत बघा. पावसाळ्यात मी आता नायलॉनची दोरी वापरतो, ती भिजून फुगत नाही. पण ती गुळगुळीत असते, म्हणून खालच्या खुंटीला एक वेढा जास्त द्यायचा.

मग ध्वजाची दोरीकडची कड बघा. चांगल्या ध्वजाला तिथे जाड कापडाची नळी शिवलेली असते, तिच्यातून दोरी गेलेली असते. तिच्या वरच्या टोकाला, म्हणजे केशरी बाजूला, लाकडाची छोटी कांडी आणि खालच्या टोकाला फास असतो. खांबाच्या दोरीच्या एका टोकाला फास करून ही कांडी त्यात आडवी अडकवा. दुसरं टोक ध्वजाच्या खालच्या फासात बांधा. आता ध्वज उघडाच एकदा पूर्ण वर चढवा. केशरी वर आहे ना, कप्पीशी कांडी अडकत नाही ना, हे डोळ्यांनी बघा, आणि सावकाश खाली घ्या. एवढी एक फेरी केली की उलट्या झेंड्याची भीती कायमची गेली. कांडीलगतच्या दोरीवर मी लाल धाग्याची खूण करतो. दुसऱ्या दिवशी डोकं गडबडलं तरी हात चुकत नाहीत.

आता घडी. स्वच्छ चादर घातलेल्या टेबलावर ध्वज पसरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्यावर दुमडा, लांब पट्टी तयार होईल. तिच्यात पाकळ्या ठेवायच्या. फडकवण्याआधी ध्वजात फुलांच्या पाकळ्या ठेवायला संहितेची मुभा आहे, बाकी काहीही नाही. पाकळ्या मूठभरच, आणि कोरड्या. ओल्या झेंडूचा पिवळा डाग पांढऱ्या खादीवर पडला की जात नाही. त्यामुळे मी पाकळ्या रात्री कागदावर पसरून ठेवतो आणि ही घडी सकाळी घालतो. मग मोकळ्या टोकाकडून दोरीच्या कडेकडे चुण्या घालत या. शेवटी हातात एक आटोपशीर गुंडाळी राहील, कांडी आणि फास बाहेर.

सगळं काम आता या गाठीवर आहे. ध्वजाच्या खालच्या फासातून येणारी जी दोरी पाहुणे ओढणार, तिचेच दोन वेढे गुंडाळीभोवती द्या. मग दोरीचं टोक न खोचता दोरी दुमडून केलेला बोटभर लांबीचा फास दुसऱ्या वेढ्याखाली खोचा. गाठ मारायची नाही. खालून दोरी ओढली की तो फास सुळकन निसटतो, वेढे उलगडतात, ध्वज उघडतो. वेढे इतकेच आवळायचे की गुंडाळी हलवली तर सुटणार नाही आणि दोरीला हिसका दिला तर राहणार नाही. हे वाचून जमत नाही, पाच-सहा वेळा करून बघावं लागतं. जुन्या टॉवेलवर सराव करा, ध्वजावर नको.

आणखी एक चूक सर्रास होते. पाहुण्यांनी ओढायच्या आधी वर ओढणारी दोरी खुंटीला आठाच्या आकारात पक्की गुंडाळलेली हवी. ती सैल राहिली की हिसक्यासरशी गुंडाळीच खाली घसरत येते. पाहुण्यांच्या हातात एकच दोरी द्या आणि कोणती ते आधी दाखवा. वयानं, मानानं मोठी माणसं विचारायला संकोचतात, आपण सांगितलं की त्यांना बरं वाटतं.

सकाळी

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी यांत फरक आहे. १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवतात, म्हणून ते ध्वजारोहण. दिल्लीत लाल किल्ल्यावर ते पंतप्रधान करतात. २६ जानेवारीला ध्वज आधीच वर बांधलेला असतो, तो फक्त उघडायचा. दिल्लीत तो मान राष्ट्रपतींचा. त्यामुळे निमंत्रणपत्रिकेवर जानेवारीत ‘ध्वज फडकवणे’ असं लिहिणं जास्त बरोबर. आपल्याकडे १ मे ला महाराष्ट्र दिनी आणि मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनीही झेंडावंदन होतं, तयारी हीच.

चढवताना झपाझप, उतरवताना सावकाश आणि मानानं, हा नियम आहे. ध्वज चढत किंवा उतरत असताना सगळ्यांनी तोंड ध्वजाकडे करून सावधान उभं राहायचं. गणवेशातल्यांनी सलामी द्यायची. फोटो काढणारे पाठ फिरवून उभे राहतात, त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मग राष्ट्रगीत. पूर्ण राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. ध्वनिमुद्रण लावण्यापेक्षा सगळ्यांनी गावं, सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी हरकत नाही. शाळांसाठी संहितेत रचनाही दिली आहे: मुलं चौकोनाच्या तीन बाजूंना, चौथ्या बाजूच्या मधोमध ध्वजस्तंभ, आणि मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रतिनिधी व ध्वज फडकवणारे स्तंभाच्या तीन पावलं मागे.

व्यासपीठावर ध्वज ठेवायचा असेल तर श्रोत्यांकडे तोंड केलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला. भिंतीवर लावायचा तर वक्त्याच्या मागे, डोक्याच्या वर. टेबलावर अंथरायचा नाही. ध्वजस्तंभावर किंवा त्याच्या टोकावर हार, फुलं, चिन्ह काही नको. त्याच खांबावर मंडळाचा किंवा संस्थेचा दुसरा झेंडा नको आणि शेजारचा कोणताही झेंडा त्याहून उंच नको. चबुतऱ्याभोवती रांगोळी जरूर काढा, पण जमिनीवर तिरंगा आणि चक्र काढू नका. तासाभरात त्यावरून चपला जातात, ते बघवत नाही.

घराच्या गॅलरीत

घरावर ध्वज लावायला सामान्य माणसाला पूर्वी मोकळीक नव्हती. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन जिंदल यांच्या खटल्यात, मान राखून ध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. पूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ होती. जुलै २०२२ पासून उघड्यावर किंवा घरावर लावलेला ध्वज रात्रीही ठेवता येतो.

गॅलरीच्या कठड्याला तिरकी काठी बांधत असाल तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या, दूरच्या टोकाला हवा. उभा टांगत असाल तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. हे दुसरं फार चुकतं. रस्त्यावर जाऊन, घराकडे तोंड करून तपासा, आतून बघून फसगत होते. ध्वज फाटका, मळका, सुरकुतलेला नको. ग्रिलमध्ये अडकला, कुंडीच्या पाण्यात बुडला, वाळत घातलेल्या कपड्यांना लागला, असं नको. आठवडाभरानं तो तिथेच विसरून काळवंडलेला दिसतो तेव्हा मी बेल वाजवून घरातल्यांना सांगतो. आजवर कुणी रागावलेलं नाही.

गाडीवर ध्वज लावायचा अधिकार ठरावीक पदांवरच्या व्यक्तींनाच आहे. बॉनेटवर, टपावर, मागे पांघरायचा नाही. कपड्यांवर कमरेखाली, रुमालावर, उशीवर तिरंगा नको. ध्वजाचा जाणूनबुजून अपमान केला तर १९७१ च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. राष्ट्रीय दुखवट्यात सरकारी आदेशानं ध्वज अर्ध्यावर आणतात, तेव्हाही तो आधी पूर्ण वर नेऊन मग अर्ध्यावर घेतात, आणि उतरवण्यापूर्वी पुन्हा वर नेतात.

संध्याकाळी

सकाळी दीडशे माणसं असतात, संध्याकाळी दोघं. दोरी सोडणारा एक आणि ध्वज हातांवर झेलणारा एक. एकटे असाल तर उतरवू नका, कुणाला तरी हाक मारा, कारण एकट्यानं करताना हिरवी कड हमखास जमिनीला लागते.

घडीची पद्धत ठरलेली आहे. ध्वज आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचे. मग पांढरा पट्टा दोन्हीकडून आत घ्यायचा, म्हणजे वर फक्त चक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसेल. दोन्ही तळव्यांवर धरून आत न्यायचा.

१५ ऑगस्टचा ध्वज बहुतेक वेळा ओला असतो. तसाच घडी घालून ठेवला तर जानेवारीत बुरशीचे काळे ठिपके दिसतात. घरात पंख्याखाली, सावलीत, दोघांनी धरून दोरीवर सपाट पसरून वाळवा. मळला असेल तर थंड पाण्यात हातानं, एकटाच धुवा.

कागदी झेंडे मुलांच्या हातात असतात, ते दुपारपर्यंत रस्त्यावर येतात. कार्यक्रम संपतानाच दारात एक टोपली ठेवा आणि मुलांनाच ते त्यात ठेवायला सांगा. आमच्याकडे दोन मुलं संध्याकाळी गल्लीतून फेरी मारून उरलेले वेचतात. ते कचऱ्यात टाकायचे नाहीत. फाटलेला, विटलेला ध्वजही नाही, आणि त्याचं फडकं तर मुळीच करायचं नाही. संपूर्ण ध्वज, एकांतात, मान राखून नष्ट करायचा, शक्यतो अग्नीला देऊन. गेल्या वर्षी आमचा बारा वर्षांचा खादीचा ध्वज असा निरोपाला आला. गच्चीवर लोखंडी घमेल्यात, आम्ही तिघंच होतो. कापड पेटेपर्यंत कुणी बोललं नाही. राख मी आवारातल्या कडुनिंबाच्या मुळाशी घातली.

वाळलेला ध्वज सुती पिशवीत ठेवा, दोरी वेगळी गुंडाळा, डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका. पिशवीत मी एक चिठ्ठी ठेवतो: ध्वज कोणत्या वर्षी आणला, दोरी कधी बदलली, कप्पीला तेल कधी दिलं, आणि गाठीचं पेन्सिलनं काढलेलं चित्र. पुढच्या वेळी कपाट उघडणारा मीच असेन असं नाही.